क्लाउड सुरक्षा व अनुपालन : परिभाषा

इंटरनेटद्वारे दुसऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये ठेवलेल्या माहितीचे रक्षण म्हणजे क्लाउड सुरक्षा. ते रक्षण कायद्याच्या, नियामकाच्या व मानकांच्या अटींनुसार होत असल्याचे पुराव्यानिशी दाखवता येणे म्हणजे अनुपालन.

या दोन्ही संज्ञा एकच मानण्याची चूक सर्रास होते. जळगावच्या सराफ बाजारातील दागिन्यावरचा हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, पेढीला रात्री कुलूप लागते की नाही हे सांगत नाही. माहिती-सुरक्षा व्यवस्थापनाचे आयएसओ २७००१ प्रमाणपत्रही त्यात नमूद केलेल्या कार्यकक्षेपुरतेच बोलते. ‘एसओसी २’ हे तर प्रमाणपत्रच नव्हे, तो स्वतंत्र लेखापरीक्षकाचा अहवाल असतो. त्याचा पहिला प्रकार एका ठरावीक दिवशीची नियंत्रणांची, म्हणजे सुरक्षेसाठी केलेल्या उपायांची, रचना तपासतो, तर दुसरा ती नियंत्रणे काही महिने प्रत्यक्ष चालली का हे पाहतो, आणि म्हणूनच करारापूर्वी मागण्याजोगा तोच.

सर्वाधिक गैरसमज ‘सामायिक जबाबदारी’विषयी आहेत. इमारत, वीज व यंत्रे सेवादाता सांभाळतो. कोणती फाइल कोणाला उघडता यावी, हे मात्र ग्राहकाने ठरवायचे असते. भुसावळच्या एखाद्या पतसंस्थेने सभासदांच्या केवायसी कागदपत्रांचा फोल्डर चुकून सर्वांसाठी खुला ठेवला, तर साठवणीतील एन्क्रिप्शनचा, म्हणजे कूटबद्धीकरणाचा, काही उपयोग होत नाही, कारण परवानगी असलेल्या प्रत्येकाला यंत्रणा ती फाइल स्वतःच उलगडून देते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अशा वेळी उत्तरदायित्व माहिती गोळा करणाऱ्या संस्थेचेच राहते, सेवादात्याशी करार काहीही असो. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

‘लॉग’ म्हणजे यंत्रणेतील घडामोडींची आपोआप होणारी नोंद. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. लॉगच सुरू नसेल, तर कळवायचे काय, हा प्रश्न उरतोच.

‘मास्किंग’ म्हणजे माहितीचा काही भाग झाकणे. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी ज्या आधार क्रमांकांच्या वाटपाचा देशात प्रारंभ झाला, त्या १२ अंकी क्रमांकाच्या मास्क केलेल्या प्रतीत केवळ शेवटचे ४ अंक दिसतात.