हात बसायचं वय

दहावीचा निकाल लागला की सातारा-सांगलीकडच्या घरांत एकच विषय निघतो: आयटीआय, की डिप्लोमा? बोलणं सगळं पोराच्या बाजूनं चालतं. नोकरी लागेल का, पगार किती, पुण्याला जावं लागेल का. ज्याच्या दारात हा पोरगा सर्टिफिकेट घेऊन उभा राहणार, त्या कारखानदाराच्या पदरात काय पडतं, हे कुणी विचारत नाही. आपल्या भागात मात्र ही गोष्ट सुरू झाली ती कारखानदाराच्याच अडचणीतून.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढतीत डावललं गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात आधी सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर. तिथली जागा गेली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकरांचा माळ आणि १० हजार रुपयांचं कर्ज देऊ केलं. साल १९१०. निवडुंग आणि सापांचा तो माळ. तिथं लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, उभा राहील असा माणूस कुठून मिळणार? आसपासच्या गावांत नांगर धरणारे हात होते, नांगर ओतणारे नव्हते. तेव्हा कारखाना हीच शाळा झाली. मालकच मुळात शिक्षक होते, हा या भागाच्या नशिबाचा भाग म्हणायचा.

पुढच्या बारा वर्षांत अशा आणखी दोन शाळा उभ्या राहिल्या. १९१६ साली कराडजवळ ओगले काच कारखाना आणि १९२२ साली साताऱ्यात कूपर इंजिनिअरिंग. या तिन्ही कारखान्यांशी ज्यांचा कामानिमित्त संबंध आला असा एक माणूस होता, भाऊराव पाटील. किर्लोस्करांचे नांगर गावोगाव खपवत फिरलेल्या या विक्रेत्यानं १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था काढली. ‘कमवा आणि शिका’ची मुळं त्या फिरतीत असावीत, असं मला नेहमी वाटतं. पुरावा नाही, तर्क आहे.

आता कारखानदाराचा हिशेब. कोरा पोरगा मशीनवर घेतला की पहिले काही महिने तो काढतो त्यापेक्षा घालवतो जास्त. जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचे भाग, रिजेक्ट होतात, टूल तुटतं, आणि सगळ्यात महाग म्हणजे त्याच्याजवळ उभ्या राहणाऱ्या उस्तादाचा वेळ जातो. फिटर ट्रेडची पोरं आयटीआयत सुरुवातीला दिवसच्या दिवस लोखंडाचा ठोकळा कानशीनं घासतात, गुण्यात बसवतात, पुन्हा घासतात. कंटाळवाणं काम. पण तिथं वाया गेलेलं लोखंड कारखान्याच्या खात्यात पडत नाही. ड्रॉइंग वाचता येणारा, व्हर्नियर-मायक्रोमीटर ही मोजमापाची साधनं हाताळलेला सतरा वर्षांचा मुलगा आयता मिळतो. शिवाय या वयात हात लवकर बसतो, चुकीच्या सवयी मोडायच्या नसतात. हे कुठल्याही वर्कशॉपमधला जुना मेस्त्री सांगेल.

हा खर्च सरकारनं अंगावर घेतला तो स्वातंत्र्यानंतर. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि तिच्यातून आयटीआय वाढल्या. इकडे सांगलीत १९४७ साली न्यू इंजिनिअरिंग कॉलेज निघालं होतं, १९५५ मध्ये त्याचं वालचंद झालं. कराडला १९६० साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आलं. पण पदवीवाला एक लागतो तिथं फिटर-टर्नर वीस लागतात. ती गरज आयटीआयनं आणि कराड-मिरजेच्या तंत्रनिकेतनांनी भागवली. (आज सांगली जिल्हा म्हणतो तो १९४९ साली साताऱ्यातूनच ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला. १९६० पासून त्याचं नाव सांगली. म्हणून ही कथा दोन जिल्ह्यांत तोडून सांगता येत नाही.)

तरी एक पेच राहिला. खरं मशीन, खरी घाई आणि खरी गिऱ्हाइकं कारखान्यातच असतात. त्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा. वयाची अट किमान १४ वर्षं, धोक्याच्या कामांना २०१४ पासून १८. उमेदवार घेणं हे कारखानदारावर बंधन, मोडलं तर तुरुंगाचीही तरतूद. बदल्यात त्याला काय मिळालं, ते कलमांत स्पष्ट आहे. अप्रेंटिस हा कामगार नव्हे, शिकाऊ. सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई अशा तरतुदी सोडल्या तर कामगार कायदे त्याला लागू नाहीत. पगार नाही, विद्यावेतन. मुदत संपल्यावर नोकरी द्यायची सक्तीही नाही. म्हणजे वर्षभर माणूस पारखायचा, जमला तर ठेवायचा. असा सौदा लग्नाच्या बाजारातही मिळत नाही.

१९७३ च्या दुरुस्तीनं पदवी-पदविकावाले आणि १९८६ च्या दुरुस्तीनं बारावी व्यवसाय शाखेची मुलंही या छत्राखाली आली. २०१४ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा निघाली. २०१६ च्या योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला कमाल १,५०० रुपये, केंद्र उचलू लागलं. २०१९ पासून ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. आधी धाक, मग आमिष, असा हा प्रवास.

या सवलतींचा अर्थ दोन तऱ्हेचे मालक दोन तऱ्हेनं लावतात. एकाला अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हेल्पर: झाडू, लोडिंग, पॅकिंग, वर्ष संपलं की पुढची बॅच. त्याचा फायदा महिन्याच्या हिशेबात दिसतो, रिजेक्शन मात्र तसंच राहतं. दुसरा पोराला मशीनचं सेटिंग करू देतो, चार जॉब बिघडू देतो. इंग्लंडमध्ये जेसीबी कंपनीच्या पुढाकारानं २०१० साली रॉसेस्टर इथं चौदा वर्षांपुढच्या मुलांची शाळा निघाली, तेव्हा तिचं कौतुक झालं. कुंडलच्या माळावर ते गरजेपोटी शंभर वर्षं आधीच घडून गेलं होतं.

दुसऱ्या तऱ्हेच्या मालकाचं दुखणंही खरं आहे. कुपवाड, मिरज, पलूस, साताऱ्याच्या एमआयडीसीतला दहा-पंधरा माणसांचा वर्कशॉपवाला पोरगा तयार करतो आणि हात बसला की तो पोरगा पुण्याजवळच्या चाकणला, मोठ्या कारखान्यात जातो. शिकवणूक याची, फळ त्याचं. त्यामुळे छोटा मालक शिकवायलाच कचरतो आणि अनुभवी माणूस हवा अशी पाटी लावतो. ज्याच्यावर कायद्याची सक्ती नाही, तोच हा छोटा. ज्याला तयार माणूस आयता मिळतो, तो मोठा. कुंडल रोड स्टेशनाचं नाव पुढे किर्लोस्करवाडी झालं. सर्टिफिकेटच्या झेरॉक्स पिशवीत घालून पुण्याची गाडी धरणारी पोरं आज तिथल्याच फलाटावर उभी असतात.