लक्ष्मण पै यांची रंगशैली

गोमंतकीय चित्रकार लक्ष्मण पै (२१ जानेवारी १९२६ – १४ मार्च २०२१) यांच्या चित्रांतील उजळ, ठसठशीत रंगयोजना आणि सुमारे सात दशकांच्या कारकिर्दीत तिच्यात होत गेलेले बदल. पै यांचा जन्म मडगावचा. शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत झाले, पुढे दहा वर्षे पॅरिसमध्ये गेली, त्यानंतर दिल्ली आणि गोवा. या प्रवासात विषय बदलले, माध्यमे बदलली, आकार कधी मानवी झाले तर कधी निव्वळ लयीचे उरले. रंगाचा जोर मात्र कधी ओसरला नाही, त्याचे काम तेवढे बदलत गेले.

पै यांच्या रंगांविषयी लिहिताना गोव्याच्या निसर्गाचा हवाला देण्याची पद्धत आहे. तांबडी माती, हिरवीगार भातखाचरे, निळा दर्या, म्हणून चित्रे चटक. हे स्पष्टीकरण सोपे आहे आणि अर्धेच खरे आहे. असा निसर्ग रत्नागिरीतही आहे आणि कारवारातही. शिवाय त्याच गोव्याशी नाते असलेल्या अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची चित्रे अगदी मंद, आतल्या आत उजळणारी आहेत. गोव्यातली देशी रंगपरंपरा म्हणावी, तर कावी चित्रे समोर येतात. देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या ओल्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर द्यायचा आणि तो खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा, अशी ही रीत. म्हणजे सगळा कारभार दोन रंगांत. पै यांची रंगसमज डोळ्यांनी पाहिलेल्या निसर्गापेक्षा हाताने शिकलेल्या कामांतून अधिक घडली, असे त्यांचा कलाप्रवास पाहता म्हणावे लागते. अशी कामे तीन : छायाचित्रे रंगवणे, लघुचित्रांचा अभ्यास आणि फ्रेस्को, म्हणजे ओल्या गिलाव्यावरचे भित्तिचित्रण.

यांतले पहिले काम त्यांनी कलाशाळेत पाऊल ठेवण्याआधीच केले. मडगावात त्यांच्या नातेवाइकांचा, मावजो यांचा फोटो स्टुडिओ होता. तेथे कृष्णधवल छायाचित्रांवर तैलरंग चढवण्याचे काम किशोरवयीन पै करीत. रंगीत फिल्म सर्रास मिळत नव्हती त्या काळात लग्नाचे, घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोटो असेच रंगवून घेतले जात. या कामासाठी रंग पारदर्शक लागतो. काडीला कापूस गुंडाळून तो कागदावर हलक्या हाताने चोळायचा, जास्तीचा पुसून काढायचा. गालांवर किंचित लाली, साडीच्या काठाला जरीचा पिवळा, मागच्या पडद्याला निळसर छटा. छायाप्रकाश आणि आकार छायाचित्राने आधीच दिलेले असतात, रंगाने ते झाकायचे नसतात. आकृती आधी, रंग तिच्यावरून वेगळा चढवलेला, ही विभागणी पै यांच्या चित्रांत शेवटपर्यंत दिसते. पाश्चात्त्य तैलचित्रणात रंगानेच घनता उभी करतात. त्या वाटेला ते फारसे गेले नाहीत. या नोकरीवजा उमेदवारीला चरित्रात एखादे वाक्य मिळते. तिला त्याहून जास्त जागा द्यायला हवी.

१९४३ ते १९४७ या काळात ते ज. जी. कलाशाळेत होते. १९४७ मध्ये त्यांना तेथील मेयो पदक मिळाले आणि शिक्षणानंतर काही काळ त्यांनी तेथेच अध्यापन केले. याच सुमारास गोव्यात पोर्तुगीज राजवटीविरुद्धची चळवळ पेटली होती. १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहिया यांची सभा झाली ती मडगावातच. पै यांनी सत्याग्रहात भाग घेतला आणि पोर्तुगीज पोलिसांची अटकही भोगली. चित्रांत मात्र ही राजकीय धग थेट उतरली नाही. कलाशाळेत त्या वेळी एकीकडे ब्रिटिश अकादमिक वळण होते आणि दुसरीकडे जगन्नाथ अहिवासी यांच्यासारख्या शिक्षकांमुळे भारतीय पद्धतीच्या चित्रणाचा वर्ग नेटाने चालत होता. जैन पोथ्यांतील चित्रे, बसोहली, राजस्थानी कलमा म्हणजे लघुचित्रांच्या शैली यांकडे त्या पिढीचे विद्यार्थी ओढले गेले ते काही प्रमाणात या वातावरणामुळे.

बसोहलीचा उल्लेख येथे नुसत्या नामोल्लेखावर सोडता येत नाही. जम्मूच्या डोंगराळ भागातील या कलमेत सपाट, भडक म्हणावा असा तांबडा आणि मोहरीच्या फुलासारखा पिवळा चित्राची सगळी पार्श्वभूमी व्यापतो. दागिन्यांतला पाचू दाखवायला तेथील चितारी भुंगेऱ्याच्या पंखांचे चमकते हिरवे तुकडे कागदावर चिकटवीत. पार्श्वभूमीला खोली नाही, आकाश म्हणजे वरच्या कडेची एक पट्टी, डोळे कमळाच्या पाकळीएवढे. रंग येथे वस्तूचा नसतो, प्रसंगाच्या भावाचा असतो : राधेच्या मागची भिंत तांबडी आहे ती तिला कोणी गेरू फासला म्हणून नव्हे. पै यांनी बसोहलीकडून घेतली ती ही मोकळीक. तिचा बाह्य साज त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांत आहेच, पण तो पुढे गळून पडला आणि मोकळीक राहिली.

आरंभीच्या चित्रांत गोव्याचे जनजीवन येते : मासेमारी करणारे, बाजारात निघालेल्या बायका, गावातली घरे, सण. माणसे सपाट, लांबट, बहुधा एका बाजूने पाहिलेली, डोळे मोठे, माशाच्या आकाराचे, बाह्यरेषा गडद. प्रत्येक आकार एकाच रंगाने भरलेला आणि शेजारचा रंग त्याला थेट भिडणारा. मराठी वाचकाला येथे आणखी एका गोमंतकीयाची आठवण होईल. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) हेही मडगावचेच. त्यांनी आपले रंगवैभव पुस्तकांच्या वेष्टनांवर आणि १९४५ पासून ‘दीपावली’ या वार्षिकाच्या पानांवर उधळले, त्यामुळे ते घराघरांत पोहोचले. पै गॅलरीच्या वाटेने गेले. त्यांचे नाव दलालांइतके मराठी घरांत रुळले नाही, याचे एक कारण हेच असावे.

१९५१ मध्ये पै पॅरिसला गेले आणि दहा वर्षे राहिले. तेथील एकोल दे बोझार या संस्थेत त्यांनी फ्रेस्को आणि एचिंगचे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेषा कोरून छापचित्र काढण्याचे, शिक्षण घेतले. पॉल क्ले, होआन मिरो, मार्क शागाल या आधुनिक चित्रकारांची चित्रे जवळून पाहता आली. सय्यद हैदर रझा आणि अकबर पदमसी हे भारतीय चित्रकारही त्याच काळात पॅरिसमध्ये होते. आधुनिक कलेच्या राजधानीत राहून भारतीय चित्रकाराने काय रंगवावे, हा प्रश्न या साऱ्यांपुढे होता. रझा यांनी त्या काळात फ्रान्समधली गावे आणि निसर्ग रंगवला. पै यांनी जयदेवाचे गीतगोविंद हाती घेतले, रामायण घेतले, बुद्धचरित्र घेतले. कालिदासाच्या ऋतुसंहारावरही त्यांनी चित्रमालिका केली. परदेशात राहून पौराणिक विषय घेतले की ते ‘भारतीय’ म्हणून खपतात, असा आक्षेप अशा वेळी घेतला जातोच. पै यांच्याबाबतीत तो पुरता खोटा नाही, पण त्या चित्रांतली कारागिरी पाहता तो अपुरा ठरतो.

कारागिरी म्हणजे काय, ते फ्रेस्कोमुळे कळते. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावायचा. गिलावा सुकताना चुना हवेतला कर्बवायू शोषून पुन्हा दगडासारखा होतो आणि रंगाचे कण त्यात कायमचे धरले जातात. एका दिवसात रंगवता येईल तेवढाच गिलावा सकाळी चढवतात. लावलेला रंग पुसून दुसरा लावण्याची सोय नाही, आणि सुकल्यावर तो ओला असतानापेक्षा फिका दिसतो, हे आधीच मनात धरून हात चालवावा लागतो. चुन्याच्या क्षारतेपुढे न टिकणारे रंग बादच. उरतात त्या प्रामुख्याने गेरू, पिवडी यांसारख्या मातीच्या छटा. ज्याच्या हातात आधीच चटक रंग खेळत होते, त्याला या शिस्तीने मोजके रंग नेमक्या जागी ठेवायला शिकवले. एचिंगने रेषेचे तेच केले. धातूच्या पत्र्यावरील मेणाच्या थरात सुईने ओढलेली रेषा आम्लात खोल जाते. तेथे रेष गिरवून सावरता येत नाही. पॅरिसमधल्या आणि नंतरच्या चित्रांत पै यांची रेषा एका दमात वळणारी, जाडी न बदलता लांबवर जाणारी झाली. रंग तिच्या आतच राहील असा नियम उरला नाही : कधी तो रेषेच्या अलीकडे थांबतो, कधी तिला ओलांडून शेजारच्या आकारात जातो.

भारतात परतल्यानंतरचा टप्पा संगीताचा आहे, आणि पै यांच्या रंगशैलीतला तो सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल. ते स्वतः सतार आणि बासरी वाजवीत. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीचे मास्टर दीनानाथ ज्या भूमीतले, तेथल्या चित्रकाराला राग रंगवावेसे वाटले यात नवल नाही. नवल आहे ते त्याने निवडलेल्या पद्धतीत. जुन्या रागमाला चित्रांत रागाला एक ठरलेला देखावा असे. तोडी म्हणजे वीणा घेतलेली स्त्री आणि तिच्याभोवती जमलेली हरणे. मेघ म्हणजे काळ्या ढगांखाली नाचणारा निळा नायक. चित्र पाहून राग ओळखता यावा, हा तेथला हेतू. पै यांनी हा देखावा काढून टाकला. उरल्या त्या लयीत फिरणाऱ्या रेषा आणि एका मुख्य रंगाभोवती मांडलेल्या त्याच्या छटा. रागात वादी, म्हणजे प्रमुख, स्वर जसा पुन्हा पुन्हा येऊन बाकीच्यांना ओढून घेतो, तसा हा मुख्य रंग चित्रभर कमी-जास्त जोराने परतत राहतो. ऐकलेला राग आणि पाहिलेले चित्र यांची जुळणी प्रत्येक प्रेक्षकाला पटेल असे नाही, आणि शीर्षक झाकून राग ओळखा म्हटले तर जाणकारही अडखळतील. मात्र रंग हे एखाद्या वस्तूचे वर्णन नसून स्वतंत्र घटना आहे, ही गोष्ट पै यांच्या चित्रांत येथे पक्की झाली.

या विचाराला आपल्याकडे जुना आधार आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात रसांना रंग नेमून दिले आहेत : शृंगार श्याम, हास्य पांढरा, करुण कबुतरी, रौद्र तांबडा, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा आणि अद्भुत पिवळा. ही यादी रंगमंचासाठीची आहे; पै यांनी ती पाळली असे त्यांची चित्रे सांगत नाहीत. शृंगाराला ते सरळ तांबडा आणि केशरी वापरतात. रंग आणि भाव यांचे नाते ठरवता येते एवढा विश्वास त्यांनी परंपरेकडून घेतला. ते कसे ठरवायचे याचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला.

उत्तरकाळात पुरुष आणि प्रकृती हा विषय त्यांच्याकडे वारंवार येतो. झाडाचे खोड, स्त्रीचा देह, पानाची शीर आणि वाहते पाणी यांच्यातली सीमा पुसत जाते. एकच वळणदार रेषा चेहऱ्याची म्हणून सुरू होते आणि पाकळी म्हणून संपते. रंग अधिक गोड झाले : मोरपंखी, जांभळा, कोवळा हिरवा. या चित्रांबद्दल मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. काही ठिकाणी वळणे सवयीची होतात, रंग सजावटीकडे झुकतात, आणि पॅरिसच्या काळातील कमावलेली काटकसर हरवल्यासारखी वाटते. उलट, ऐंशी-नव्वदीतही हात न थकता रंग ताजा राहिला, हेही त्याच चित्रांत दिसते.

फ्रान्सिस न्यूटन सूझा, गायतोंडे आणि पै यांना शेजारी ठेवले की फरक चटकन समजतो. सूझा आणि गायतोंडे १९२४ चे, पै १९२६ चे, सूझा साळगावचे, गायतोंडे नागपुरात जन्मलेले पण मूळ गोव्याच्या घरातले, तिघेही ज. जी. कलाशाळेतले. सूझा यांच्याकडे काळी रेष चेहरे फाडत जाते आणि रंग तिच्यामागून येतो. गायतोंडे यांनी रेष जवळजवळ सोडली, रंगाचे पातळ थर एकमेकांवर चढवत ते मौनापर्यंत गेले. पै यांनी दोन्ही राखले आणि त्यांच्यात भांडण लावले नाही. लिलावांच्या बाजारात पहिल्या दोघांच्या किमतींना जी उंची मिळाली ती पै यांना मिळाली नाही. संघर्ष आणि गूढता यांवर लिहायला समीक्षकांना आवडते, प्रसन्नतेवर लिहिणे अवघड जाते, हेही त्यामागे असेल. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतील आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या संस्थापकांत त्यांचे नाव नव्हते. गटाच्या इतिहासातून जी प्रसिद्धी आपोआप मिळते, तिच्यापासून ते दूर राहिले.

१९७७ ते १९८७ या काळात पै पणजीतील आल्तिनो टेकडीवरील गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९७२ मध्ये सुरू झालेली ही संस्था तेव्हा अगदी नवी होती. तोवर चित्रकार व्हायचे तर गोव्यातल्या मुलाला मुंबई गाठावी लागे, जशी त्यांना स्वतःला गाठावी लागली होती. ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना १९६१, १९६३ आणि १९७२ असा तीनदा मिळाला. १९८५ मध्ये पद्मश्री आणि २०१८ मध्ये पद्मभूषण. भारतात आणि परदेशात मिळून त्यांची शंभरावर एकल प्रदर्शने झाली, त्यांतली दहा पॅरिसमध्ये. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांची चित्रे आहेत. छापील पुस्तकातून किंवा पडद्यावरून ती पाहताना एक काळजी घ्यावी : छपाईत त्यांचे तांबडे आणि केशरी एकमेकांत मिसळून सरसकट भडक दिसतात, आणि रेषेच्या कडेला सोडलेली कोरी, बारीक फट, जिच्यामुळे दोन रंग शेजारी असूनही वेगळे श्वास घेतात, ती बहुतेक वेळा भरून जाते.