तांबडा, पांढरा आणि काळा दिसला, तर ती भाटीच

कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेत एखाद्या घरी ‘राजा’ नावाचा बोका माळ्यावर चार पिल्लं घालतो, त्यात राजाची काही चूक नसते. तोंडाकडं बघून नाव ठेवलेलं असतं. दोन महिन्यांच्या बोक्याचं आणि भाटीचं, म्हणजे मादीचं, तोंड सारखंच दिसतं. बघायचं ते शेपटीखाली.

पोट भरलेल्या पिल्लाला टॉवेलवर उभं करा, शेपटी अलगद वर धरा. ओढायची नाही. वरचं भोक दोघांतही शीचं. भाटीत त्याला जवळजवळ चिकटून उभी चीर असते. बोक्यात खालचं भोक गोल आणि साधारण दुप्पट अंतरावर; मधल्या केसाळ जागेत गोळ्या उतरतात, दोन महिन्यांनंतर त्या हाताला लागतात. थोडक्यात, बोका म्हणजे विसर्ग आणि भाटी म्हणजे उलटं उद्गारचिन्ह. एकटं पिल्लू बघून अंदाज चुकतो, म्हणून भावंडं शेजारी ठेवून बघा. नसबंदी झालेल्या बोक्यालाही हमखास भाटी समजतात.

काही वेळा मात्र शेपटीही उचलावी लागत नाही. तांबडा-पांढरा ही कोल्हापुरात रश्श्याची जोडी. मांजराच्या पाठीवर त्यात काळे ठिपके आले, की ती भाटीच समजा. तांबड्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याकडं एक्स एकच, म्हणून तो तांबडा तरी असतो नाहीतर काळा तरी. भाटीकडं दोन. गर्भातच प्रत्येक पेशी त्यातला एक बंद करते आणि तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशी तोच बंद ठेवतात. कुठं तांबडा चालू, कुठं काळा. पांढरा रंग वेगळ्या जनुकाचा. एक्स बंद होण्याची ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ मेरी लायन यांनी 1961 मध्ये मांडली. तांबड्या रंगामागचा डीएनएमधला नेमका बदल मात्र 2025 मध्ये जपानी आणि अमेरिकी गटांनी प्रसिद्ध केला. तीनरंगी बोका क्वचित सापडतो. त्याच्याकडं बहुधा दोन एक्स आणि एक वाय असतो, आणि त्याला पिल्लं होत नाहीत.

वयात येताना फरक कानावर पडतो. पाच-सहा महिन्यांची भाटी लोळते, ओरडते, मागची बाजू वर करते. घरच्यांना वाटतं पोटात दुखतंय. ती माजावर आलेली असते. तिचं बीज सहसा बोका लागल्यावरच सुटतं, म्हणून बोका भेटला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. दिवस मोठा झाला की माज वाढतो, पण कोल्हापुरात हिवाळ्यातही अकरा तास उजेड असतो, त्यामुळं थंड देशांसारखी लांब विश्रांती नाही. गाभण राहिली की साधारण 65 दिवस. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहते.

बोका उभ्यानं शेपटी थरथरवत भिंतीवर फवारा मारतो. वास उग्र असतो. वेळेत नसबंदी केली तर बहुतेकांत ही सवय लागत नाही.

जिवावरचा फरक मूत्रनलिकेत आहे. बोक्याची नळी लांब आणि टोकाला अरुंद, तिथं खडे आणि चिकट घाण अडकते. तो वाळूत पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, थेंबभर येतं किंवा येतच नाही. लोक बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात. एक-दोन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. अशा बोक्याला त्याच तासाला पशुवैद्याकडं न्या, आणि वाटेत पोट दाबून बघू नका. तट्ट फुगलेली लघवीची पिशवी फुटू शकते.