उपकेंद्रातल्या नव्या सिस्टरच्या पाठीशी कोण?

जिल्हा रुग्णालयात रुजू झालेली नवी परिचारिका अडली, तर वॉर्डात इन्चार्ज सिस्टर असते, शेजारच्या टेबलावर दहा वर्षं जुनी सहकारी असते, हाकेच्या अंतरावर डॉक्टर असतो. तिच्याच वर्गातली मैत्रीण उपकेंद्रावर, म्हणजे गावपातळीवरच्या छोट्या सरकारी आरोग्य केंद्रावर गेली, की पहिल्या दिवसापासून पाच हजार लोकवस्ती तिच्या एकटीच्या नावावर. आदिवासी किंवा डोंगरी भाग असेल तर आकडा तीन हजारांचा, पण पायपीट जास्त. नवख्या मुलीला सर्वांत अवघड जागी एकटं नेमायची ही रीत कशी पडली, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

आपल्याकडे परिचारिकेचं शिक्षण वाढलं ते रुग्णालयाच्या भिंतींच्या आत. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९७ मध्ये ते सुरू केलं. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विधवा आणि गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं, तेही समाजाची नाराजी पत्करून. शिकवणारी आणि शिकणारी एकाच छताखाली असल्याने नवीला सांभाळून घेणं हा वेगळा विषयच नव्हता.

गावाचा विचार आला तो देशाची आरोग्यव्यवस्था आखणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात. चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि त्यात दोन डॉक्टर, एक परिचारिका, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार मिडवाइफ आणि चार प्रशिक्षित दाया. या आकड्यांत एक गोष्ट स्पष्ट दिसते: समितीच्या मनातली गावातली नर्स चमूत काम करणारी होती. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्यासोबत केंद्रं उभी राहू लागली, पण एवढी माणसं आणायची कुठून? पूर्ण शिकलेल्या परिचारिका देशात मोजक्याच, आणि त्या शहरात. तोडगा म्हणून दोन वर्षांत तयार होणारी सहायक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे आपली एएनएम, पुढे आली.

खरं वळण १९७३ चं. कर्तारसिंग समितीने एकेका रोगाचे वेगवेगळे कर्मचारी मोडीत काढून 'बहुउद्देशीय' कर्मचारी सुचवला आणि एएनएमची आरोग्य सेविका झाली. बाळंतपणासोबत लसीकरण, कुटुंबनियोजन, साथरोग, नोंदी असं सगळं तिच्याकडे आलं. गंमत अशी, की कामं वाढली आणि १९७७ मध्ये अभ्यासक्रम मात्र दोन वर्षांवरून दीड वर्षावर आला. (पुढे तो पुन्हा दोन वर्षांचा झाला.) समितीने चार सेविकांमागे एक पर्यवेक्षिकाही सुचवली होती, नंतरच्या निकषांत ते प्रमाण सहाला एक असं झालं. कागदावर नवीच्या पाठीशी उभी राहणारी बाई हीच, लोकांच्या तोंडी 'एलएचव्ही' (लेडी हेल्थ व्हिजिटर). पण तो काळ कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांचा. तिची भेट म्हणजे रजिस्टर तपासणं आणि 'केसेस किती झाल्या' हा प्रश्न. १९९६ मध्ये उद्दिष्टं अधिकृतपणे गेली, तपासणीची सवय राहिली. माझ्या मते सगळी मेख इथे आहे: शिकवणं आणि झडती घेणं या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीकडे दिल्या, की नवखी सिस्टर आपली अडचण तिला कधीच सांगत नाही.

याच काळात जामखेडला मात्र वेगळं काहीतरी शिकायला मिळालं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं, तेव्हा त्यांनीही आधी नर्सनाच गावात राहायला पाठवलं होतं. ते चाललं नाही. परक्या गावात एकटी तरुण बाई, सुरक्षिततेची धास्ती, बोलायला कुणी नाही, आणि गावालाही ती आपली वाटेना. आरोळे दांपत्याने दोष त्या मुलींना दिला नाही, रचनाच बदलली. गावातली रोजची जबाबदारी गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना शिकवून दिली आणि नर्सला फिरत्या पथकात घेतलं. ती ठरावीक दिवशी गावात यायची, अवघड रुग्ण पाहायची, आणि संध्याकाळी आपल्या सहकाऱ्यांत परतायची. सरकारी यंत्रणेने या प्रयोगातून गावातल्याच बाईला आरोग्याचं काम शिकवायची कल्पना उचलली. नर्सला एकटं ठेवू नये हा अर्धा भाग मात्र राहून गेला.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने उपकेंद्राला दुसरी एएनएम दिली. एकटेपणावर एवढा थेट इलाज आधी झालाच नव्हता, पण ती कंत्राटी. शिवाय तेव्हाच, दवाखान्यात बाळंत होण्यासाठी पैसे देणाऱ्या जननी सुरक्षा योजनेमुळे तिथली बाळंतपणं वाढली. कुशल प्रसूतीसेवेचं एकवीस दिवसांचं प्रशिक्षण आलं. ते उपयोगी होतं, तरी परत आल्यावर पहिला रक्तस्राव हाताळताना शेजारी कोण, हा प्रश्न तसाच राहिला.

सोलापूरच्या सीमेपलीकडे, उत्तर कर्नाटकात, २०१२ च्या सुमारास या प्रश्नाला हात घातला गेला. अनुभवी नर्सना 'मेंटॉर', म्हणजे मार्गदर्शक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत पाठवण्यात आलं. त्या केंद्रात मुक्काम करायच्या, बाळंतपणाच्या केसशीटवर सिस्टरसोबत बसायच्या, काय चुकलं ते तिथेच दाखवायच्या. पगार किंवा बदली या मेंटॉरच्या हाती नव्हती, म्हणून सिस्टर मोकळेपणाने विचारत.

२०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली आणि समुदाय आरोग्य अधिकारी हे नवं पद आलं. महाराष्ट्रात त्यावर बीएएमएस डॉक्टर मोठ्या संख्येने आले, नर्सिंगचे पदवीधरही आले. सुरुवातीला त्यासाठी सहा महिन्यांचा वेगळा अभ्यासक्रम होता. पुढे त्यातला भाग बीएस्सी नर्सिंगमध्येच घेतला गेला. त्यामुळे पदवी हातात पडली, की बावीस-तेवीस वर्षांची मुलगी थेट उपकेंद्राची प्रमुख होऊ शकते आणि वीस वर्षं गाव पिंजून काढलेली आरोग्य सेविका तिच्या हाताखाली येते. गावातली कुठली सून माहेरी गेली, कुणाला मागच्या खेपेला झटके आले होते, हे त्या जुन्या सेविकेला तोंडपाठ असतं. नवीला शिकवायला तिच्याइतकं योग्य माणूस जवळपास नाही, पण तिच्या कामाच्या यादीत हे काम कुठेच लिहिलेलं नाही.