बुजलेलं पिल्लू आणि आजारी पिल्लू: दोघंही खात नाहीत, पण कारणं वेगळी

नव्याने घरी आणलेलं कुत्र्याचं पिल्लू वाडग्याला तोंड लावत नसेल, तर बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असतं. एक तर ते बुजलेलं असतं, नाहीतर आजारी असतं. भरलेला वाडगा दोन्हीकडे सारखाच दिसतो आणि घोटाळा तिथेच होतो, कारण उपाय अगदी उलटे आहेत. बुजलेल्या पिल्लाला शांतता आणि वेळ लागतो. आजारी पिल्लाकडे वेळच नसतो. बुजलेल्याला आजारी समजून दर तासाला नवा पदार्थ पुढे केला, तर त्याचं पोट बिघडतं आणि खाण्याचे नखरे सुरू होतात. ते नंतर निस्तरता येतं. आजारी पिल्लाला ‘रुळेल हळूहळू’ म्हणत दोन दिवस घालवले, तर मात्र निस्तरायला काही उरेलच याची खात्री नाही.

फरक ओळखायची सगळ्यात कामाची खूण अशी: बुजलेल्या पिल्लाची भूक परिस्थितीनुसार बदलते. माणसं झोपली, टीव्ही बंद झाला, वाडगा कोपऱ्यात सरकवला, की ते चार घास खातं. आजारी पिल्लू या कशानेच बदलत नाही. म्हणून पहिला बदल जागेत आणि वातावरणात करायचा, अन्नात नाही. अन्न आणि जागा एकदम बदलली, तर फरक कशामुळे पडला हे कळायची सोयच राहत नाही.

बुजलेलं पिल्लू कसं वागतं

आठ-नऊ आठवड्यांच्या पिल्लाची आई, भावंडं, ओळखीचा वास आणि झोपायची जागा एकाच दिवसात सुटते. भीतीच्या अवस्थेत शरीर पचनाचं काम मागे ठेवतं. पोटाची हालचाल मंदावते, भूक मरते. शिवाय खाताना मान खाली घालावी लागते आणि तेवढा वेळ आजूबाजूला लक्ष राहत नाही. जागा भरवशाची वाटत नसेल तर कुत्रं तेवढी जोखीम घेत नाही. भावंडांशी चढाओढ करत खायची सवय असते, तीही इथे अचानक संपते.

असं पिल्लू सोफ्याखाली शिरतं, रात्री कुंई कुंई करतं, पण जागं असताना त्याचे डोळे आणि कान सतत फिरत असतात. भांडं पडलं की दचकतं. कोणी बघत नसताना पाणी पितं. शू नेहमीसारखी होते. शी थोडी मऊ होऊ शकते, क्वचित तिच्यावर बुळबुळीत थर दिसतो. मधूनच पाच मिनिटं चपलेशी झटापट करतं आणि पुन्हा लपतं. पहिला दिवस सगळ्यात वाईट जातो, मग सुधारणा होते. साधारण २४ ते ४८ तासांत त्याचं खाणं बऱ्यापैकी सुरळीत होतं. पहिले दोन दिवस नेहमीच्या निम्मंच खाल्लं, तरी एवढ्याने घाबरायचं कारण नाही.

मोठं झालेलं, आधी हाल सोसलेलं कुत्रं रुळायला याहून जास्त दिवस घेतं. त्याचे अनुभव ऐकून पिल्लाला तेवढी सवलत देऊ नये. पिल्लाच्या अंगात चरबी आणि स्नायू कमी असतात, यकृतात साखरेचा साठाही थोडा. त्याच्या उपाशी राहण्याची मर्यादा दिवसांत नाही, तासांत मोजावी लागते.

आजारी पिल्लू कसं वागतं

आजारी पिल्लू बहुतेक वेळा नुसतं पडून राहतं. हाक मारली तर मान उचलून पुन्हा टाकतं. हाताळलं तरी विरोध करत नाही. नवशिक्या घरात याचं ‘किती शहाणं, शांत पिल्लू आहे’ म्हणून कौतुकही होतं! नऊ आठवड्यांचं निरोगी पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपू शकतं, हे खरं. पण जागं झालं की ते खरोखर जागं होतं. झोप आणि मलूलपणा यांतला फरक उठल्यानंतरच्या दहा मिनिटांत दिसतो.

आजारांमध्ये सगळ्यात धास्ती पार्व्होची. या विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ३ ते ७ दिवस जातात, कधी त्याहून जास्तही. म्हणजे आधीच्या जागी लागण झालेलं पिल्लू नव्या घरी पहिले दोन-तीन दिवस छान खाऊ शकतं आणि चौथ्या दिवशी अचानक थांबतं. हा क्रम बुजण्याच्या बरोबर उलटा आहे. त्यामुळे ‘खात होतं आणि आता खात नाही’ या वाक्याला ‘आल्यापासून खात नाही’पेक्षा जास्त गंभीरपणे घ्यावं. पार्व्होत आधी सुस्ती आणि भूक जाणं, मग उलट्या, मग घाण वासाचे, बऱ्याचदा रक्ताचे जुलाब असा क्रम असतो. जुलाबाची वाट पाहत बसलं, तर अंगातलं पाणी तोवर निघून गेलेलं असतं.

‘एक लस झाली आहे’ याचा अर्थ पिल्लू सुरक्षित आहे असा होत नाही. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीच्या कामात आड येते आणि ती नेमकी कधी ओसरेल ते पिल्लागणिक बदलतं. म्हणूनच ६ ते ८ आठवड्यांपासून दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवड्यांपर्यंत डोस द्यावे लागतात.

बाकीची कारणं थोडक्यात. जंत असतील तर पोट फुगलेलं, फासळ्या मात्र हाताला लागणाऱ्या आणि केस निस्तेज असतात. गोल जंत आईच्या पोटात असतानाच पिल्लात शिरतात, त्यामुळे ‘स्वच्छ घरातलं पिल्लू आहे’ हा बचाव चालत नाही. नाक वाहत असेल, खोकला असेल, तर वासच येत नाही, आणि वास नाही तर भूक नाही. मोजा, चेंडूचा तुकडा किंवा दोरा गिळला असेल तर पुन्हा पुन्हा उलट्या होतात, पाणीसुद्धा टिकत नाही.

हाताने तपासून बघायच्या गोष्टी

हिरड्या आधी बघा. निरोगी हिरडी ओलसर आणि गुलाबी असते. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. चिकट, कोरडी किंवा फिकट हिरडी हे बुजल्याचं लक्षण नाही. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालच्या पापणीच्या आतला रंग बघावा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायची चाचणी बरेच जण सांगतात, पण पिल्लाची कातडी वेगळी असल्याने ती फसवते. हिरडी जास्त खरं बोलते.

ताप हाताने किंवा नाकाच्या ओलेपणावरून कळत नाही. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून ते गुदद्वारात एक-दोन सेंटिमीटर सरकवावं. ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस म्हणजे ठीक (सुमारे १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट). माणसाच्या मापाने तो ताप वाटतो, कुत्र्याचं मात्र तेच नेहमीचं तापमान. ३९.४च्या वर गेलं तर पशुवैद्याला फोन करावा. ३७.२च्या खाली गेलं तर ते त्याहून वाईट, लगेच निघावं.

वजन रोज सकाळी, शी-शू झाल्यावर आणि खाण्याआधी, त्याच काट्यावर करावं. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा चालतो. वाढीचा ढोबळ हिशोब असा की मोठेपणी अपेक्षित असलेल्या दर किलोमागे पिल्लू दिवसाला २ ते ४ ग्रॅम वाढतं. पुढे १० किलोचं होणार असेल तर रोज २० ते ४० ग्रॅम. घर बदलल्यावर काटा एक-दोन दिवस जागीच राहिला तर चालेल. सलग दोन दिवस खाली आला तर नाही.

जिथे दोन्ही मिसळतात

पिल्लू घरी येतं त्याच आठवड्यात बहुतेक वेळा लसही होते. लसीनंतर एक-दोन दिवस भूक मंदावणं, थोडी सुस्ती येणं नेहमीचं आहे. त्यातच प्रवास, नवं अन्न आणि कौतुकाने भरवलेल्या ट्रीट्स. मग कशामुळे काय झालं ते कोणालाच सांगता येत नाही. यावर एकच उपाय आहे: पहिले काही दिवस बाकी सगळं स्थिर ठेवायचं. आधी ज्या ब्रँडचं अन्न खात होतं तेच द्यायचं. बदलायचं असेल तर पिल्लू रुळल्यावर, ७ ते १० दिवसांत: आधी पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण.

आणखी एक गंमत आहे. ‘खात नाही’ म्हणून दाखवायला आणलेल्या पिल्लांपैकी काही पुरेसं खात असतात. पाकिटावरचं प्रमाण दिवसाचं असतं, ते एका वेळचं समजून वाडगा भरला की तीन चतुर्थांश अन्न उरणारच. काही पाकिटांवर तक्ता मोठेपणीच्या वजनावर असतो, काहींवर आजच्या. तेही वाचून घ्यावं. अंदाजासाठी, २ किलोच्या लहान पिल्लाला दिवसाला साधारण ३५० कॅलरी लागतात. पाकिटातल्या कोरड्या दाण्यांच्या (डॉग फूडच्या) १०० ग्रॅममध्ये साधारण तेवढ्याच किंवा थोड्या जास्त असतात. म्हणजे दिवसाला ९० ते १०० ग्रॅम, आणि चार वेळांत विभागलं तर एका वेळी जेमतेम मूठभर. ट्रीट्स यातूनच वजा करायच्या, दिवसाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नाहीत.

बुजलेल्याला खायला कसं लावायचं

तपासणीत सगळं ठीक निघालं, तर मग पुढचं. वाडगा वर्दळीपासून दूर, पण पिल्लाच्या झोपायच्या जागेजवळ ठेवा. भिंतीला पाठ लावून खाता आलं की त्याला बरं वाटतं. वाडगा पसरट आणि उथळ घ्यावा, खोल भांड्यात तोंड घातलं की बाहेरचं दिसत नाही. चकचकीत स्टीलमध्ये दिसणाऱ्या स्वतःच्या प्रतिबिंबाला किंवा पट्ट्याच्या बिल्ल्याच्या खणखणाटाला काही पिल्लं बिचकतात. अशा वेळी सपाट ताटली द्यावी. फरशी गुळगुळीत असेल तर खाली पायपुसणं टाका. पाय घसरत असतील तर मान खाली जात नाही.

दाणे कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं भिजवा. पाणी दाण्यांच्या वर जेमतेम येईल एवढंच. पाणी कोमट असण्याचं कारण वास: अंगाएवढ्या उबेला अन्नाचा वास पसरतो, आणि पिल्लू जिभेआधी नाकाने खातं. गरम मात्र नको, तोंड भाजलं तर त्या वाडग्याची भीती बसते. भिजवलेलं अन्न तासाभराने टाकून द्यावं, आंबतं.

वाडगा ठेवून लांब बसा, पाठ वळवून. टक लावून बघणं, ‘खा ना, खा ना’ म्हणत पुढे सरकवणं हे पिल्लाला दडपण वाटतं. १५-२० मिनिटांनी उरलेलं उचला आणि पुढच्या वेळेला ताजं द्या. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, पुढे सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा. हातातून चार दाणे द्यायला हरकत नाही, पण हात हळूहळू वाडग्याकडे न्यायचा, नाहीतर महिनाभराने हातानेच भरवत बसावं लागतं. फारच अडलं तर मीठ-मसाला नसलेलं उकडलेलं चिकन चमचाभर कुस्करून दाण्यांत असं मिसळा की ते वेगळं वेचता येणार नाही. वर नुसतं ठेवलं तर तेवढंच उचलून खातं आणि पुढच्या वेळी त्याचीच वाट बघतं.

दूध नको, जुलाब होतात. कांदा-लसूण असलेलं सूप, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं पीनट बटर ही विषं आहेत. तोंड उघडून कोंबणं तर अजिबात नको: अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि ज्या अन्नाशी जबरदस्ती जोडली जाते ते पिल्लू नंतर आपणहून घेत नाही.

थांबायचं किती

तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाने १२ तास काहीच खाल्लं नाही, तर ते खेळकर दिसत असलं तरी पशुवैद्याशी बोलावं. खूप लहान चणीच्या ब्रीडच्या पिल्लाने सलग दोन वेळचं सोडलं तरी तेवढंच. तीन महिन्यांहून मोठ्या, पण वर्षाच्या आतल्या पिल्लासाठी २४ तास. उलटी, जुलाब, मलूलपणा किंवा पाणी न पिणं यांतलं एकही सोबत असेल तर तास मोजत बसू नये.

पिल्लू डुलत चालत असेल, थरथरत असेल, डोळे काचेसारखे स्थिर झाले असतील तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. बोटावर मध किंवा साखरेचा पाक घेऊन हिरड्यांवर चोळा, अंग उबदार कापडात गुंडाळा आणि निघा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका. पाकाने तरतरी आली तरी दवाखान्यात जायचंच, कारण साखर पुन्हा उतरते. माणसाची औषधं, पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, कुठल्याही कारणाने देऊ नयेत.

निघताना शेवटचं कधी आणि किती खाल्लं, शी किती वेळा आणि कशी झाली, रोजचं वजन, लसीचं कार्ड आणि जंताच्या औषधाची तारीख सोबत असू द्या. ताजी शी झाकणाच्या डबीत घेतली तर जंतांची तपासणी तिथेच होते. फोनवर आधी सांगा की लसीकरण अपुरं आहे. पिल्लू हातातच किंवा बास्केटमध्ये ठेवा, दवाखान्याच्या फरशीवर सोडू नका. ते नुसतंच बुजलेलं निघालं तर तिथून पार्व्हो घेऊन येईल, आणि पार्व्हो असेलच तर शेजारी बसलेल्या पिल्लाला देईल.