थंडीआधीचे कुरण : चराईची फेरी लांबवा

आमच्याकडून हलते झटका कुंपण नेणारे गोपालक उन्हाळा सरताना हमखास विचारतात, की गवत एवढे हिरवेगार दिसते, तरी गायींना पुरत का नाही? हे पत्रक त्यासाठीच आहे. रोज एक तुकडा चारत सगळे कुरण एकदा फिरून झाले, की ती चराईची एक फेरी. यातले आकडे थंड हवामानातल्या राय गवताच्या कुरणांचे आहेत.

दिवस लहान होतात, जमीन गार पडते आणि गवताला नवे पान यायला जास्त दिवस लागतात. राय गवताच्या एका फुटव्यावर (बुडातून निघणाऱ्या कोंबावर) साधारण तीनच जिवंत पाने टिकतात. चौथे आले की सर्वात जुने वाळते. चराईची योग्य वेळ अडीच ते तीन पानांची. भर वाढीच्या काळात ती सुमारे 20 दिवसांत येते, शरदात 30 ते 40 दिवस लागू शकतात. तरीही गायी जुन्याच वेगाने फिरवल्या, तर बुडख्यातला साखरेचा साठा भरून येण्याआधीच गवत पुन्हा खाल्ले जाते आणि दर फेरीला कुरण आणखी मागे पडते.

फेरी लांबवायची म्हणजे रोजचा तुकडा लहान करायचा. 30 हेक्टर कुरण 20 दिवसांत फिरत असेल तर रोज दीड हेक्टर जाते. तेच 30 दिवस पुरवायचे तर रोज एकच हेक्टर द्यावे लागेल. राहिलेली भूक मुरघासाने (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याने) किंवा वाळलेल्या चाऱ्याने भागवा. हे उन्हाळा संपता संपताच सुरू करा, दर आठवड्याला दोन-तीन दिवस वाढवत. वाढ थांबल्यावर जाग आली तर राखून ठेवायला गवतच उरत नाही.

शरदातले गवत दिसते तेवढे पोसत नाही. त्यात पाणी फार, प्रथिने भरपूर, साखर कमी. गायीला गवतातून 15 किलो सुका चारा मिळायचा असेल, तर 20 टक्के सुका अंश असलेले गवत 75 किलो लागते; 15 टक्क्यांचे असेल तर तब्बल 100 किलो. पोट भरते, पण दूध घटते.

पावसाने जमीन भिजली की गवतापेक्षा खुरांकडे आधी लक्ष द्या. वाफसा नसताना, म्हणजे जमीन चिखलट असताना, गायी दिवसभर सोडल्या तर फुटवे चिखलात गाडले जातात, आणि ते नुकसान वसंतातही दिसते. अशा दिवशी दोन-तीन तास चारून परत आणा. मागच्या बाजूलाही तार ओढा, म्हणजे चरून झालेल्या पट्ट्यावर गायी पुन्हा फिरणार नाहीत. आमच्या मते हे मागचे कुंपण पुढच्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच टाळले जाते.

हिवाळ्याआधीच्या शेवटच्या चराईत गवत 4 सेंटिमीटरपर्यंत खाली येऊ द्या. बुडाशी उजेड पोहोचला की नवे फुटवे आणि क्लोव्हर (गवतासोबत वाढणारी शेंगवर्गीय चारा वनस्पती) जोर धरतात. त्यानंतर तो कप्पा, म्हणजे कुरणाचा तेवढा भाग, चराईला बंद करा. जो आधी बंद होतो तो वसंतात आधी तयार होतो, म्हणून गोठ्याजवळचे, पाणी न साचणारे कप्पे आधी मिटा. पुढे तिथे हिरवळ दिसली तरी गायी घालू नका. वसंतातला पहिला चारा तोच आहे.

दोन धोके मात्र जिवावरचे आहेत. दुभत्या गायींना कोवळ्या गवतातून मॅग्नेशियम कमी पडून झटके येऊ शकतात, तेव्हा ते रोज पोटात जाईल अशी सोय ठेवा. दुसरा फुप्फुसांचा. सुक्या, विरळ कुरणातून मोठ्या गायी एकदम लुसलुशीत गवतावर नेल्या, तर गवतातल्या ट्रिप्टोफॅन या प्रथिनांच्या घटकापासून पोटात विषारी द्रव्य तयार होते आणि पहिल्या दोन आठवड्यांत गाय धापा टाकू लागते. आधी वाळलेला चारा द्या, सुरुवातीला थोडाच वेळ सोडा. धाप दिसलीच तर पशुवैद्यांना तातडीने बोलवा आणि ते येईपर्यंत त्या गायीला हाकू नका. तेवढ्या श्रमानेही ती दगावू शकते.