एका बोर्डवर सहा ग्राफिक्स कार्डे: वीजपुरवठ्याच्या इशाऱ्यामागची पार्श्वभूमी

अनेक ग्राफिक्स कार्डे जोडलेला मायनिंगचा (म्हणजे बिटकॉइनसारखे आभासी चलन मिळवण्यासाठी सतत गणिते करणारा) संगणक सुरू करताना मदरबोर्डने वीजपुरवठ्याचा इशारा दिला, की पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, घेतला जातो. ७५० वॅटचा काढून १२०० वॅटचा बसवला तरी अनेकदा इशारा जात नाही, कारण बोर्डची तक्रार एकूण क्षमतेबद्दल नसते. १२ व्होल्टचा प्रवाह बोर्डवरून स्लॉटपर्यंत (कार्ड बसवण्याच्या खाचेपर्यंत) ज्या मार्गाने जातो, त्याबद्दल असते. मायनिंगसाठी उभारलेले असे जुने संच ठाणे आणि नवी मुंबईत आता रेंडरिंगसाठी किंवा एआयच्या अभ्यासासाठी घेतले जातात, तेव्हा हा मार्ग मुळात अपुरा का पडला हे जाणून घेणे आवश्यक ठरते.

पीसीआय एक्सप्रेस स्लॉट असलेले बोर्ड २००४ मध्ये बाजारात आले. ग्राफिक्स कार्डाने स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट घ्यावेत, त्यांपैकी १२ व्होल्टवर ५.५ अँपिअर म्हणजे ६६ वॅट, अशी मर्यादा मानकाने घातली. उरलेली गरज ६ पिनांच्या (७५ वॅट) किंवा ८ पिनांच्या (१५० वॅट) केबलने थेट एसएमपीएसकडून भागवायची होती. २००३ च्या एटीएक्स मानकाने मुख्य कनेक्टर २० पिनांवरून २४ पिनांचा केला, तेव्हा त्यातल्या १२ व्होल्टच्या पिवळ्या तारा एकीच्या दोन झाल्या. एका संगणकात एक, फार तर दोन कार्डे असणार, या हिशेबाला ते पुरेसे होते. दोन कार्डे एकत्र चालवण्याच्या एनव्हिडियाच्या एसएलआय तंत्रामुळे दोन कार्डे रूढ झाली, तेव्हाच असूसच्या ए८एन-एसएलआय बोर्डवर स्लॉटना जादा वीज देण्यासाठी ‘ईझी प्लग’ नावाची जादा मोलेक्स (चार पिनांची) जोडणी आली. आज दिसणाऱ्या इशाऱ्याचे मूळ माझ्या मते तिथे आहे.

२०१० पासून बिटकॉइनचे मायनिंग ग्राफिक्स कार्डांवर होऊ लागले आणि तो हिशेब कोलमडला. सहा कार्डांनी स्लॉटमधून पूर्ण वाटा घेतला तर ३३ अँपिअर होतात; ते दोन तारांतून न्यायचे म्हटले तर प्रत्येक पिनेवर साडेसोळा अँपिअर येतात, आणि अशा पिनेची क्षमता ठोकळमानाने ६ ते ९ अँपिअर असते. त्यात मायनिंगचा भार खेळासारखा चढउताराचा नसून रात्रंदिवस सलग असतो. २४ पिनांच्या कनेक्टरचे प्लॅस्टिक पिवळ्या तारांपाशी तपकिरी पडते ते याच कारणाने. अ‍ॅसरॉकने एच८१ प्रो बीटीसी या बोर्डवर दोन जादा मोलेक्स कनेक्टर दिले. असूसने २०१७ मध्ये बी२५० मायनिंग एक्स्पर्टवर १९ स्लॉट आणि २४ पिनांचे तब्बल तीन कनेक्टर बसवले, आणि कोणत्या स्लॉटची स्थिती काय आहे हे सुरू होतानाच पडद्यावर दाखवण्याची सोय केली. जून २०१६ मध्ये आलेले एएमडीचे आरएक्स ४८० हे कार्ड स्लॉटमधून ७५ वॅटपेक्षा जास्त ओढते, हे चाचण्यांत उघड झाले आणि कंपनीला ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) सुधारावा लागला. कार्डच मर्यादा मोडत असेल तर बोर्डने सावध करणे योग्यच म्हणावे लागेल.

रायझरमुळे, म्हणजे कार्ड केबलने बोर्डपासून दूर बसवणाऱ्या जोडपट्टीमुळे, चित्र बदलले. त्यावरील कार्डाला १२ व्होल्ट रायझरच्या स्वतःच्या कनेक्टरमधून मिळतात आणि बोर्डशी फक्त संदेशांची देवाणघेवाण होते. मात्र अनेक बोर्ड जादा जोडणी रिकामी आहे का एवढेच पाहतात, त्यामुळे सगळी कार्डे रायझरवर असूनही इशारा दिसू शकतो. तरीही ती जोडणी रिकामी न ठेवलेली बरी. रायझरला साटा केबलने (हार्ड डिस्कसाठीच्या वीजकेबलने) वीज देणे मात्र खरोखर धोक्याचे आहे: साटाच्या १२ व्होल्टच्या तीन पिना प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे एकूण ५४ वॅटच्या, आणि कार्ड मागू शकते ६६.

व्होल्टेज कमी असल्याचा इशारा वेगळा. १२ व्होल्टसाठी ५ टक्के सूट आहे, म्हणजे ११.४ ते १२.६. बायोसमधला (संगणक सुरू होताना चालणाऱ्या बोर्डवरील मूळ प्रोग्राममधला) आकडा बोर्डवरील चिपने रोधकांमधून घेतलेला असतो आणि तो थोडा चुकू शकतो. म्हणून पूर्ण भार असताना मोलेक्सच्या पिवळ्या व काळ्या तारेत मल्टिमीटरने मोजावे. खाडीलगतच्या दमट हवेत वर्षानुवर्षे राहिलेल्या पिना गंजतात आणि तेथील रोध वाढतो. तो ०.०२ ओहम झाला तरी १० अँपिअरला ०.२ व्होल्टची घट होते आणि २ वॅट उष्णता एका पिनेतच साठते. काळवंडलेली पिन घासून पुन्हा वापरू नये, केबलच बदलावी.

घरातल्या जोडणीचाही विचार हवा. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून २३० व्होल्टला १३८० वॅटच मिळतात. सहा कार्डांचा संच त्या मर्यादेच्या जवळ जातो, म्हणून तो गीझर किंवा एसीसाठी असतो तशा १६ अँपिअरच्या स्वतंत्र पॉइंटवर, एक्स्टेंशन बोर्ड न वापरता लावावा.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची पद्धत सोडली, आणि असे अनेक संच विक्रीला निघाले. ते घेताना कार्डांइतकेच बोर्डवरील २४ पिनांचे कनेक्टर, मोलेक्स जोडण्या आणि रायझरच्या केबली उजेडात नीट तपासून घ्याव्यात.